खुडूक

मु. वैशाखरे, मंगळवार, दिवेलागण

राग उतरतच नाही. ताई तापाने गेल्यापासून तिची सोनी शाळा सोडून कोंबडीपाशी बसून असते. ताईनेच वाढवलेली कोंबडी. ती खुडूक झालीय, खाली एक अंडं नाही तरी टोपलीतून उठत नाही. आणि शेजारी ही एवढीशी पोर, तशीच.

आज भाऊजी अंगणात, चार माणसांत हसून म्हणाले, "पोरगीपण खुडूक झालीय. गटारीला कोंबडी कापू, मंग दोघींची खुडूक मोडंल."

सोनी ऐकत होती! बाप ना हा तिचा? की बायकोबरोबर अक्कलही जाळून आला? मी तोंडावर सांगितलं, "भाऊजी, कोंबडीला हात लावलात तर पोरीला माझ्या घरी मुरबाडला घेऊन जाईन." मान खाली घालून आत गेले. रडत होते का? मी बघितलं नाही. बघायचंही नव्हतं.

खुडूक कोंबडी कापतात का? तिच्याखाली अंडी ठेवतात. हे मी सांगायचं? शेजारच्या काकूंकडून अंडी आणली, सोनीच्याच हाताने टोपलीत ठेवली. म्हटलं, "शाळेतून आलीस की दाणे तूच घालायचे." पोरीने मान हलवली. मग हळूच विचारते, "मावशे, पिल्लं मोठी होईस्तवर ती कुठं जाणार नाय ना?"

"नाय गो."

बोलले आणि उठून मोरीत गेले. भाऊजींना उगाच निमित्त केलं मी. राग तुझा येतोय, ताई. कोंबडीसुद्धा थांबते गो.