भाऊंच्या कपाटातला पासपोर्ट

९ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.५०
जिन्यात बसून कोजोचा पोलिसांना द्यायचा फॉर्म लिहीत होतो. परदेशी माणूस राहायला आला की घरमालकाने चोवीस तासांत कळवायचे असते. काल तो सातपूरच्या गोडाऊनमधून आमच्या पंचवटीतल्या वरच्या खोलीत आला. पाच महिन्यांतला हा तिसरा फॉर्म. तिन्ही माझ्या अक्षरात, या वेळी घरमालक म्हणून सहीही माझी. पासपोर्टची झेरॉक्स पुसट, व्हिसाची तारीख वाचता येईना. भाऊंना फोन केला. दुकान त्यांचे, फुटबॉलची टीम त्यांची, कोजो तिच्यात खेळतो, मी दुकानात खेळाचे सामान विकतो. म्हणाले, "तो रकाना सोड, मास्तर. ऑनलाइन आपला माणूस भरतो. तू फक्त कागद लिहून दे."
रिकाम्या रकान्याखाली सही करवत नव्हती. केली.

११ फेब्रुवारी, बुधवार
सराव. नंतर कोजोने प्लॅस्टिकची फाइल दाखवली. टोगोमधले लोमे, मग बेनिन, ढाका, कोलकाता, मलप्पुरम, गोवा. प्रत्येक ठिकाणचे पेपरातले कात्रण लॅमिनेशन केलेले. ढाक्याच्या फोटोत डोक्यावर भरपूर केस. पासपोर्टवर वय ३१. खरे का विचारले तर म्हणाला, "पासपोर्ट का इकतीस. घुटना का पैंतालीस."
लोमेत मुलांना शिकवायची नोकरी लागली आहे. १ मार्चला हजर व्हायचे. २८ चे मुंबईहून विमान, तिकीट त्याच्या भावाने काढले. ही गेली तर दुसरी मिळणार नाही, हे दोनदा बोलला.
पासपोर्ट भाऊंकडे. व्हिसा वाढवायला मुंबईच्या एजंटकडे दिलाय म्हणतात.

१४ फेब्रुवारी, शनिवार
सेमीफायनल ३–१. कोजोचे दोन गोल. मॅचआधी भाऊंनी आणलेल्या कंपाउंडरने त्याला गाडीत बसवून गुडघ्यात सुई दिली. कसली विचारले. "ताकदीची."
गर्दीतून "ए कालिया" चालूच होते. मला मान वर करवेना. कोजो म्हणाला, "सब जगह बोलता है. इधर गोल के बाद ताली भी देता है."
मॅचनंतर त्याने पासपोर्ट मागितला. भाऊ त्याच्या खांद्यावर हात टाकून, "फायनल तर होऊ दे रे राजा." मॅचचे पैसेही फायनलनंतरच.

१५, रविवार
महाशिवरात्र. गल्लीत पाय ठेवायला जागा नाही. आईने खिचडी केली. कोजो: "मौसी, ये कौन सा चावल है?" आई मला म्हणाली, "त्याला सांग, उपास आहे आज." तिसरी ताटली वाढताना, "असला उपास हा रोज करेल."
गुडघा सुजून टरबुजासारखा. जिना बसून उतरतो.

१७, मंगळवार
कोपऱ्यावरच्या चहावाल्याने सांगितले, साध्या कपड्यातला एक जण विचारून गेला. वर कोण राहतं, किती दिवस, घर कुणाच्या नावावर. चहावाल्याने आईचे नाव सांगितले.
भाऊंना सांगितले. "विचारू दे. कागद भरलेत ना आपण?"

१८, बुधवार
भाऊ लग्नाला मनमाडला. फायनलच्या जर्सी काढायला दुकानातल्या कपाटाची चावी मला दिली होती. जर्सींच्या खाली पासपोर्ट. मुंबईला गेलाच नव्हता. व्हिसा ३१ जानेवारीला संपला.
त्याखाली माझे तिन्ही फॉर्म, टाचणी लावलेले. शिक्का नाही, नंबर नाही. कुठेच दिलेले नाहीत. रकाना तसाच रिकामा.
सगळे होते तसे ठेवले. जर्सी दोनदा मोजल्या, दोन्ही वेळा वेगळ्या भरल्या.

१९, गुरुवार
शिवजयंतीची सुट्टी, ऑफिसे बंद. दुपारी कोजोला सांगितले. तो बराच वेळ गुडघ्यावर बर्फ फिरवत राहिला. मग, "कितना दिन ऊपर हुआ?" एकोणीस. "ढाका में भी ऐसा हुआ था. ग्यारह दिन एक कमरे में बैठाया." म्हटले, मग पासपोर्ट देतोस कशाला कुणाकडे? म्हणाला, "सागर, हर जगह एक भाऊ होता है. नहीं देगा तो खेलेगा नहीं."

२१, शनिवार
धीर करून भाऊंना विचारले. रागावतील वाटले होते. त्यांनी चहा मागवला.
"घर कुणाचं?"
"आईचं."
"अक्षर कुणाचं? सही कुणाची?"
मी कप उचलला.
"मग गप्पच राहा. कळवणला मार्चमध्ये स्पर्धा आहे. त्याच्या नावावर आगाऊ पैसे घेतलेत मी. एप्रिलमध्ये बघू त्याच्या विमानाचं."
चहा संपेपर्यंत उठू दिले नाही.

२२, रविवार
फायनल, मनमाडच्या टीमशी. चारला सुरू व्हायची. कोजो बुटांच्या नाड्या सोडून लाइनीबाहेर जाऊन बसला. "पहले पासपोर्ट."
मांडवात पाहुणे येऊन बसलेले. भाऊ वाकून हळूच, "नाटकं नको." कोजो मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असे: "भाऊ, मैं बैठा है. मुझे बैठना आता है." मनमाडची पोरे टाळ्या वाजवू लागली. माइकवाला दोनदा म्हणाला, काही क्षणांत सामना सुरू होईल. पाहुण्यांनी घड्याळ बघितले.
भाऊंनी चावी माझ्या तळहातावर दाबली. "आण. आणि उद्यापासून दुकानात दिसू नको."
जाऊन येऊन चौदा मिनिटे. पासपोर्ट आणला. फॉर्मही उचलले, ते भाऊंना सांगितले नाही. कोजोने एकेक पान उलटून पाहिले, पासपोर्ट मोज्यात, नडगीवरच्या शिनपॅडच्या मागे सरकवला आणि नाड्या बांधल्या.
१–२ हरलो. एक त्याचाच. शेवटची दहा मिनिटे तो एका जागी उभा होता. दोघांनी धरून रिक्षात बसवले.

२३, सोमवार. सकाळी ११.२०
पोलिसांच्या परदेशी नागरिक शाखेबाहेरचा बाक. आपणहून आलो. कोजोला आत नेऊन चाळीस मिनिटे झाली. फाइलही घेऊन गेला, कात्रणांची.
मला आधी बोलावले होते. टेबलावरच्या बाईंनी तिन्ही फॉर्म बघितले.
"कुणी लिहिले?"
"मी."
"अक्षर छान आहे. मग दिले का नाहीत?"
भाऊंचे नाव सांगितले. त्यांनी ते लिहून घेतले नाही. दंड भरून देश सोडायची परवानगी मिळते म्हणाल्या, कधीकधी. शनिवारच्या विमानापर्यंत होईल का विचारले, तर त्यांनी पुढची फाइल ओढली.
भाऊंचे सात मिस्ड कॉल. आईचा एक, तो घेतला. म्हणाली, दोन माणसे वरची खोली बघून गेली, कुलपाचा फोटो काढून. कुणाची, ते सांगितले नाही.
रिक्षा ९०, झेरॉक्स २४, फोटो ६०, कोजोच्या गोळ्या १३५, चहा ४०. एकूण ३४९.
भाऊंकडून येणे: कोजोच्या सहा मॅच, तीन हजारप्रमाणे १८,०००. माझा बावीस दिवसांचा पगार.
जवळ: माझे ४,२००, कोजोचे २,६५०.
दंड: विचारला. बाई म्हणाल्या, "आधी साहेबांना ठरवू दे, कुणाकुणाला लावायचा."