तारखांचा मजकूर

प्रिय धाकटोबा,

फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते आहे. "ताई, मीटिंग आहे" म्हणून सटकायची सोय इथे नाही. तेव्हा गुमान शेवटपर्यंत वाच.

आई बरी आहे असं लिहिणार नाही. पायांची सूज घोट्यांच्या वर चढली आहे. चपला होत नाहीत म्हणून बाबांच्या जुन्या सपाता घालून घरभर फिरते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तुझा आलेख दाखवते. मूत्रपिंडाच्या तपासणीचे आकडे लेकाने इतक्या लांबून कसे जुळवले, निळी रेघ कशी काढली, याचं कोण कौतुक. शेजारच्या काकूंना तो एव्हाना पाठ झाला असेल. त्याची एक छापील प्रत फ्रिजवर चिकटवली आहे, जुनी.

परवा ती प्रत आणि फोनवरचा आत्ताचा आलेख मी शेजारीशेजारी धरून पाहिले. आकडे तेच. जुन्यात रेघ वर-खाली नाचते आहे, नव्यात ती मुकाट चढत गेली आहे. मी शीतगृहातल्या तापमानाच्या नोंदी सांभाळते, दिवसभर तारखाच निस्तरते, त्यामुळे काय झालंय ते कळायला मला वेळ लागला नाही. दिसायला छान दिसावं म्हणून तू आधी सगळ्या तारखांचा मजकूर, म्हणजे नुसती अक्षरं, करून टाकलास, दिवस पुढे, महिना मागे, आणि मग त्यांचा क्रम लावलास. मजकूर हातात दिला की मशीनला काळ कळत नाही, ते पहिला आकडा बघून रांग लावतं. सगळ्या महिन्यांच्या पहिल्या तारखा एकत्र, मग सगळ्या दुसऱ्या. गेल्या वर्षीची धडधाकट आई आणि यंदाची आजारी आई एकमेकींच्या मांडीला मांडी लावून बसल्या. आमच्याकडे नवीन पोरांना पहिल्याच आठवड्यात बजावतात, की तारीख शेवटपर्यंत तारीखच ठेवा, माणसाला दाखवताना काय तो मजकूर करा. तू तर अशा पोरांना शिकवतोस.

चूक झाली याचा राग नाही. आहे, पण तो गिळता येईल. सूज दिसली तेव्हा मी म्हटलं होतं, डॉक्टरांकडे नेते. तू म्हणालास, उगाच तिला घाबरवू नकोस, रेघ बघ, कुठे चढतेय? लॅबचे रिपोर्ट परस्पर तुझ्या मेलवर येत होते, आमच्या वाट्याला फक्त रेघ. पुढे तुझं तुलाच कळलं. तू गुपचूप दुरुस्ती केलीस, बदलाची तारीख आलेखाखालीच आहे, कोणाला अवाक्षर बोलला नाहीस, आणि त्याच आठवड्यात फोन करून आईला फैलावर घेतलंस. पथ्य पाळलं नाहीस, मीठ सोडलं नाहीस, म्हणून ही वेळ आली, असं. तुझी जीभ कशी उचलली रे? ती बिचारी अळणी जेवण मुकाट्याने गिळत होती. आता आठवून आठवून सांगते, एकदा डाळीत चिमूटभर घातलं होतं गं, त्यानेच झालं असेल. हे ऐकताना माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

काल डॉक्टरीणबाईंनी डायलिसिस लगेच सुरू करायला सांगितलं. आई नको म्हणाली. माझ्या जिभेचे चोचले, त्याचा भार पोरांवर कशाला, असं शांतपणे म्हणून पर्स उचलून उभी राहिली. घरी आल्यावर मी तिला सगळं खरं सांगितलं. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. माझी समजूत काढायला भावावर नको ढकलूस, तो असल्या चुका करत नाही, म्हणाली. आता हे तिला तुझ्याच तोंडून ऐकू दे. आजच फोन कर, आडवळणं न घेता सांग, आणि ती "असू दे रे" म्हणाली की लगेच सुटल्यासारखा फोन ठेवू नकोस. आधी तिच्याकडून डायलिसिसला हो म्हणवून घे.

आज लिहायला हात धजत नाही, तरी तुझीच,
ताई