कानात नावं सांगणारा माणूस

विसरभोळ्या नातवा,

मी तुझ्या आईची आई. ओळख पटली का, की कुणाला विचारून येतोस? मी सांगते आहे आणि शेजारची शिंपीण लिहिते आहे.

पक्षाचं तिकीट असून तू पडलास कसा, असं सगळे विचारतात. मला दुपारच्या डुलकीत आपली गल्ली दिसते. तू तरंगत येतोस, मागचा माणूस तुझ्या कानात एकेक नाव सांगतो आणि तू ज्याला त्याला म्हणतोस, "तुमचीच आठवण काढत होतो."

पण प्रचाराच्या वेळी माझ्या दारात घडलं ते स्वप्न नव्हतं. तिथेही तू कान मागे केलास आणि मला म्हणालास, "मावशी, काही अडचण?" सगळ्या गल्लीने ऐकलं.

"सख्खी आजी ओळखेना, तो आपल्याला काय ओळखणार?" असं शिंपीण तेव्हा म्हणाली होती. आत्ता लिहिताना लाजते आहे.

मीही मत तुला दिलं नाही रे. बोट तुझ्या चिन्हावर थांबलं आणि पुढे सरकलं. हरलास तर घरी येशील, असं वाटलं.

हे तुला कळू द्यायचं धाडस नाही, म्हणून पत्र उशीखालीच राहील. तरी तुझ्या मनाला ऐकू आलंच, तर बिनबियांची द्राक्षं पाठव. माणसाबरोबर नको, तूच घेऊन ये.

वाट पाहणारी,
तुझी आजी