दुसरी ‘खट्’

उवाजिमा,
संत्री पिवळी व्हायच्या बेतात

तीर्थस्वरूप हिदेतोशीदादास,

मासानोबूचा कमरेतून वाकून नमस्कार. तिकडे कुशिरोत एव्हाना थंडी पडली असेल. गुडघ्याला पट्टा बांधतोस ना? इकडे सगळे ठीक. (हे ‘ठीक’ मी गेल्या मंगळवारपासूनच लिहू शकतो, त्याआधी नाही.)

आईच्या अठ्ठ्याऐंशीव्या वाढदिवसाच्या फोटोसाठी तू ठरवलेल्या स्टुडिओवाल्याला मी परस्पर नको म्हणून सांगितले, हे तुला कळलेच आहे. (बावीस वर्षे पुस्तके वाचून मी ही विद्या स्वतः शिकलोय, तो माणूस नुसती बटणे दाबतो.) आई तीस वर्षांत कॅमेऱ्यासमोर आलेली नाही. "एकदाच बसेन, मासा. परत बस म्हणालास तर उठून घरी जाईन," हे तिने अठ्ठ्याऐंशीचा मान म्हणून घालतात ती सोनेरी बंडी चढवतानाच बजावले होते.

देवळाच्या दालनात उजेड बेताचा. तीन ओळींत तेवीस माणसे, सगळी स्पष्ट यायची तर भिंगातले छिद्र बारीक करायला हवे. आणि छिद्र बारीक केले की कॅमेरा आपणहून पडदा जास्त वेळ उघडा ठेवतो. नळ बारीक सोडला की बादली भरायला वेळ लागतो, तसेच. हे मला झोपेतून उठवून विचार. तिपाईवरच्या कॅमेऱ्याने आकडा दाखवला, चार. म्हणजे सेकंदाचा चौथा भाग, मी समजलो. चारच्या डोक्याशी दोन बारीक रेघा होत्या, त्या धूळ समजून मी रुमालाने पुसल्यासुद्धा. त्या रेघांचा अर्थ पूर्ण चार सेकंद, हे पुस्तकाच्या शेवटच्या पानावर आहे. शेवटचे पान मी घाईत सोडले होते.

"कुणी हलायचं नाही!" म्हणालो आणि खट् झाले. (ही पडदा उघडल्याची. मिटल्याची वेगळी असते.) झाले एकदाचे, म्हणून मी मोठ्याने म्हणालो, "आभारी आहे, फार त्रास दिला!" आणि वाकलो. आपल्याकडे असे म्हटल्यावर ताठ बसून राहणारा माणूस आहे का? बावीसच्या बावीस जण उलट वाकले. मी वाकलेला असतानाच दुसरी खट् ऐकू आली. दादा, पडदा आत्ता कुठे मिटला होता.

फोटोत खांब स्पष्ट, मूर्ती स्पष्ट, माणसांच्या जागी वाफ. गेन्झोमामा म्हणाला, "अरे, आत्ताच वर पाठवलंस की काय आम्हाला?" आमची सात्सुए म्हणाली, "अहो, घरी चला, मग बोलते."

आणि मधोमध आई! एकेक सुरकुती, बंडीचा एकेक टाका जागच्या जागी.

"तू वाकली नाहीस?"

"पोटच्या पोरापुढे वाकू? तुझी दुपटी धुतलीयत मी." मग फोटो लांब धरून बघत राहिली. "मी गेल्यावर तुझ्या वडिलांच्या फोटोशेजारी लावायला हाच ठेव. एवढ्या गर्दीत मी एकटीच नीट दिसते."

तिने मत बदलायच्या आत मी कॅमेरा पिशवीत घातला. मंगळवार म्हणतो तो हाच.

वहिनींना नमस्कार.

तुझा धाकटा,
मासानोबू

ता. क. स्टुडिओवाला भेटलाच तर त्या दोन रेघांविषयी बोलू नकोस. चार सेकंद मी मुद्दामच ठेवले, असे इथे सगळ्यांना सांगून झाले आहे.

आणखी एक ता. क. आईने विचारले, "यात थोरला कुठाय?" तू आला नाहीस हे सांगायला घाबरून मी डावीकडून तिसरी वाफ दाखवली. (तो मामा आहे.) ती वाफ नीट बघून म्हणाली, "इतका खाली वाकतो होय तो? नव्या वर्षाला येऊन परत वाकून दाखव म्हणावं." तेव्हा तिकीट काढ. या खेपेला मी दुसऱ्या खटीपर्यंत तोंड उघडणार नाही.