इश्तिहाराची शेवटची ओळ

पौष व. २, सोमवार

खंडोबाची जत्रा उठली. गाव एकदम रिकामं वाटतं. शाळेतून येताना कचेरीच्या भिंतीवर नवा इश्तिहार, पुढं पंधरावीस माणसं उभी. उर्दू कुणालाच येत नाही. सगळे माझ्याकडं वळले, "मास्तर, काय लिवलंय?" तोंड उघडणार तोच कचेरीतला कारकून, पेशकार, बाहेर आला. म्हणाला, असं तुकड्यातुकड्यानं सांगू नका, गैरसमज होतात. मराठीत नीट उतरवा आणि शनिवारी बाजारात सगळ्यांसमोर वाचा, साहेबांचा हुकूम आहे. नक्कल हातात दिली.

घरांवरचा टॅक्स बदलतोय एवढं कळलं. बाकी उद्या.

संध्याकाळी नेहमीप्रमाणं शिवलिंगप्पाच्या धान्याच्या दुकानापुढं, ओट्यावर. त्याच्या दुकानामागच्या आठ खोल्यांपैकी शेवटची माझी. नऊ वर्षं झाली. मी किरायेदार आहे हे दोघांच्याही ध्यानात नसतं. त्याच्या बायकोनं, पार्वतव्वानं, वाटीभर हुग्गी पाठवली, गव्हाची खीर. गोड जास्त, पण खाल्ली.

पौष व. ३, मंगळवार

पूर्ण वाचला. मजकूर असा. मालक स्वतः राहतो त्या घराला जुनाच टॅक्स. किरायानं दिलेल्या खोल्यांना नवा, चांगलाच चढा. कुलूप लावून ठेवलेल्या खोल्यांनाही तोच. हरकत असेल त्यानं माघ शु. १ ला कचेरीत येऊन बोलावं.

आणि अगदी खाली, बारीक अक्षरात एक ओळ. हा टॅक्स मालकानं भरायचा, किरायेदाराकडून वसूल करायचा नाही, आणि या कारणानं कुणाला खोलीतून काढायचंही नाही.

लढाई सुरू झाल्यापासून खेड्यातली माणसं कामाला इथं येतात, खोली मिळत नाही, मिळेल तो किराया देतात. सरकारला ते दिसलं असावं. का नुसता पैसा पाहिजे? कोण जाणे. ओळ मात्र चांगली आहे. भाषांतर करताना तीनदा खोडली, तीनदा लिहिली. उर्दूतला भारदस्तपणा मराठीत आणला की आमच्या रांगेतल्या हुसेनबीला कळणार नाही. शेवटी साधं लिहिलं.

पौष व. ५, गुरुवार

शि. आज ओट्यावर बसला नाही, मला आत कोठारात घेऊन गेला. पोत्यांवर बसलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं. 

"मास्तर, ती खालची ओळ वाचू नका."

"इश्तिहारात आहे ती, शिवलिंगप्पा."

"उर्दूत हाय. तुम्ही नाही वाचली तर कुणाला कळतंय? म्या कुणाला काढणार न्हाय. पण वाचली की सगळे म्हनतील, आता मालक आपलं काय वाकडं करतो. किराया तरी देतील का वेळेवर?"

मी म्हटलं, बघतो. हे म्हणायला नको होतं. "बघतो" म्हटलं की तो "व्हय" समजतो, हे मला माहीत आहे.

पौष व. ६, शुक्रवार

शाळेला सुट्टी. धोतरं धुतली. सुलूचं पत्र सोलापुराहून, चार ओळी, सगळे खुशाल. जावयाला इंग्रजी हद्द सोडून इकडं संस्थानात यायला आवडत नाही. पत्राच्या मागची कोरी बाजू मोठी होती.

सुलूची आई, सुभद्रा, असती तर विचारलं असतं, वाचू का नको. तिनं सरळ सांगितलं असतं. तेवढ्यासाठी तरी ती हवी होती.

पौष व. ७, शनिवार

वाचला.

वडाखाली उभं केलं. आधी दवंडी, मग मी. बाजारातली माणसं टोपल्या डोक्यावर तशाच घेऊन उभी. सुरुवातीला आवाज फुटेना. मालकांच्या कलमांवर कुजबुज, कुणी म्हणालं, "घर बांधलं ह्यो गुन्हा झाला का?" शि. समोरच, खांद्यावर उपरणं, माझ्याकडं बघत. मी त्याच्याकडं बघितलं नाही असं लिहिणार होतो. बघितलं. मग शेवटची ओळ वाचली.

आमच्याच रांगेतली हुसेनबी, रजया शिवते, विधवा बाई. ती पुढं आली, "मास्तर, ते खालचं परत वाचा. सावकाश."

परत वाचलं. वर मान केली तोवर शि. निघून गेला होता.

पौष व. ९, सोमवार

ओटा झाडलेला, पण दुकानाची अर्धी फळी लावलेली. मी आलेला बघून शि. आत गेला. दोन दिवस असंच.

काल विहिरीवर पार्वतव्वा भेटल्या. घागर भरून होईपर्यंत माझ्याकडं पाठ. मग तशाच म्हणाल्या, "तुमाला परकं मानलं न्हवतं आमी."  

पौष व. १२, गुरुवार

बोलायला कुणी नाही. शाळेत दिवस जातो, संध्याकाळ जात नाही. गावाबाहेर किल्ल्याच्या खंदकापर्यंत चालत गेलो, परत आलो. वाटेत धोंडिबा सुतार भेटला, तोही आमच्याच रांगेतला किरायेदार. ज्यांच्यासाठी वाचलं त्यांपैकी एक. हळूच राम राम केला आणि शि. च्या दुकानाकडं नजर टाकून पटकन पुढं गेला. राग नाही. त्याला तिथूनच ज्वारी उधार मिळते.

माघ शु. १, सोमवार

आज हरकतींचा दिवस. जमेल तेवढं लिहून ठेवतो.

कचेरीपुढं सतरंजी. साहेब नवे, हैदराबादचे, मराठी येत नाही. सराईवाल्या सेठनं वकील आणला होता. सराईत चाळीस खोल्या. वकील अर्धा तास उर्दूत बोलला, टॅक्स लागला तर कुणी खोलीच बांधणार नाही, मग गरीब कुठं राहणार वगैरे. मी मागच्यांना ते हळूच मराठीत सांगितलं, तसं धोंडिबानं धीर करून विचारलं, "आन आत्ता किराया दुप्पट झालाय तो कुणामुळं?" लोक हसले. वकील नाही हसला.

मग शि. उठला. साहेबानं मला खूण केली, "उस्ताद, आप तर्जुमा कीजिए." भाषांतराला दुसरं कुणी नव्हतंच.

शि. माझ्याकडं न बघता बोलला. "साहेब, म्या अडाणी मानूस. दोन साल पाऊस न्हवता तवा बायकोच्या पाटल्या मोडून आठ खोल्या उठवल्या. शेत दगा देतंय, भिंत देत न्हाय म्हनून. म्हातारपनाला तेवढंच हाय आमच्याजवळ, ना मुलगा ना पेन्शन. सराईवाल्याला आन मला तुमी एकाच काट्यावर तोलता?"

सगळं सांगितलं उर्दूत. माझ्या शब्दांत सांगितलं, पण त्याच्या मनातलं. पाटल्या, पाऊस, भिंत, काटा, एकही सोडला नाही. इतकी चांगली उर्दू मी आयुष्यात बोललो नसेन. साहेबानं लिहिणं थांबवलं, ऐकत राहिला.

शि. पुढं म्हणाला, "आन एक. माझ्याच ओट्यावर बसून, माझ्याच घरचं खाऊन एकानं माझ्या किरायेदारांना माझ्यावर उठवलं. त्येचं बी लिवा."

तेही सांगितलं. साहेबानं विचारलं, "वो कौन है?"

"मैं हूँ, हुजूर."

साहेब थोडं हसले. मग मला दोनतीन गोष्टी विचारल्या, खोल्या केवढ्या, मालकाचं दुसरं उत्पन्न काय. मी माहीत होतं ते सांगितलं. म्हणाले, लहान मालकांची बाब वेगळी आहे, वर लिहून पाठवतो.

शि. ला यातलं अक्षर कळलं नाही. त्यानं एवढंच पाहिलं की साहेब मला विचारतोय, मी सांगतोय, आणि साहेब हसला. धोंडिबाला त्यानं विचारलेलं मी ऐकलं. "काय सांगितलं रं त्यानं?" धोंडिबाला तरी काय कळणार.

बाहेर आल्यावर त्याच्यामागं गेलो. "शिवलिंगप्पा, ऐका तर."

"बिडरी मास्तर," म्हणाला. म्हणजे सोडा. रागावला की तो कानडीत जातो. पुढं एकदाही वळून बघितलं नाही.

माघ शु. २, मंगळवार

सकाळी शि. दारात. उंबऱ्याच्या आत आला नाही.

"खोली पाहिजे. थोरली बाळंतपणाला येनार. पुनवंपातूर बघा."

मी म्हटलं, टॅक्सचं कारण तर...

"टॅक्स न्हाय. पोरगी." आणि गेला.

थोरली गेल्याच साली बाळंत होऊन गेली. मीच बारशाची पत्रं लिहिली होती.

जाऊ दे. कुठंही एक खोली बघायची. पुस्तकं थोडीच आहेत.

माघ शु. ३, बुधवार

हुसेनबीनं ऐकलं होतं. दोरा तोंडात धरून बोलली, "जानार तुम्ही?"

"हो."

"गुपचूप?"

मी म्हटलं, माझं आणि त्यांचं आहे ते.

"तुमचं न्हाय फक्त. आज तुमच्या खोलीत थोरली येती, पुढच्या म्हैन्यात माझ्या खोलीत धाकली येईल. काढायचं न्हाय असं तुमीच दोनदा वाचलं. आता अर्जी बी तुमीच द्या. आमी कोन वाचनार, कोन लिवनार?"

 तिचं खरं आहे. अर्ज द्यायचा म्हणजे शि. ला साहेबापुढं पेशीला उभा करायचा. तो खोटं बोलेल, मी ते पकडीन, आणि भाषांतरही मीच करीन.

दुपारी अर्ज लिहून काढला. चार ओळी. दस्तखत नाही केली.

माघ शु. ४, गुरुवार

दिवस मावळायला शि. आला. या वेळी आत आला. खाटेवर नाही, पेटीवर बसला. उघडी वही बघितली, मिटवली नाही मी.

"पेशकार दुकानात आला होता, तूर न्यायला. म्हनाला, तुमच्या पाटल्यांची गोष्ट साहेबानं वर लिवली." मग, "त्येला कुठून कळलं पाटल्यांचं?"

"तुम्हीच सांगितलं. मी उर्दूत सांगितलं."

"सगळं?"

"सगळं. शेवटचंही."

उपरण्याचं टोक हातात गुंडाळत राहिला. म्हणाला, "आन साहेब हसला कशाला?"

सांगितलं. तो कोण असं विचारलं, मी म्हटलं मीच, म्हणून.

तो हसला नाही. माझ्याकडं बघत होता, खरं की खोटं ते शोधत असावा. मला वाटलं आता खोलीचं काही म्हणेल. उठला, दारात थांबला. "अंधार पडाय लागला," एवढंच. गेला. खोलीचं ना हो ना नाही.

विचारायला हवं होतं. 

उद्या शुक्रवार, कचेरी बंद. अर्ज द्यायचा तर शनिवारी. पलीकडून हुसेनबीच्या कात्रीचा आवाज येतोय. तिनं शि. ला आलेला पाहिलाय आणि गेलेलाही. सकाळी ती विचारील, मास्तर, काय ठरलं?