सात नंबरची होडी आणि बाईंचे गुडघे

तीर्थस्वरूप दादांस,

धाकटीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. पार्सल मंगळवारी पोचलं: लोकरीचे मोजे दोन जोड, डोळ्यांच्या थेंबांची बाटली एक, प्रवचनांचं पुस्तक एक (चाळिसाव्या पानापासून सुटं, ते मी खळीने चिकटवलं). तिकिटं कमी लावली होतीस, फरक पोस्टमनला मी दिला. मागत नाही, नुसतं कळवते. तुझा रक्तदाब कसा आहे? स्वतः डॉक्टर असून गोळ्या विसरतोस, असं तुझ्या सूनबाईने लिहिलं होतं. इकडे हे बरे आहेत. जेवतात, झोपतात, मधल्या वेळात वर्तमानपत्र वाचतात.

पत्राचं कारण म्हणजे, परवा मी आणि समोरच्या शिवणबाई तळ्याकाठच्या गावी एक दिवस जाऊन आलो. (बाई तुला आठवतील. एकतीस वर्षं आमच्या समोरच्या दारात शिवणवर्ग चालवला. गेल्या खेपेला तू त्यांचे गुडघे तपासलेस, तेव्हापासून देवाखालोखाल त्या तुझंच ऐकतात.) बाई म्हणाल्या, 'वहिनी, जरा हवापालट.' मी डबा, पाणी, बसायला जुनी चादर घेतली आणि पहिली बस धरली, कारण तिला भाडं कमी. इतक्या लवकर पोचलो की गाव अजून उठायचं होतं. दीड तास एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. दुकानदार आला तो आम्हाला गिऱ्हाईक समजून असा काही खुलला, की गरज नसताना मला एक कंगवा घ्यावा लागला.

गाव सुंदर आहे, खोटं मी लिहिणार नाही. रस्ते धुतल्यासारखे, खिडक्याखिडक्यांत फुलं, पाणी असं की तळाचे दगड मोजावेत. बाकं इतकी स्वच्छ की चादर मी अंथरली ती आमच्यामुळे बाक मळू नये म्हणून. बाई मात्र गाव बघत नव्हत्या, दारं बघत होत्या. कुठे किती पायऱ्या, उंबरा किती उंच. शिवणाऱ्या बाईची नजर, मापं घ्यायची सवय, असं मी समजले.

मग त्यांनी होडीचा हट्ट धरला. हंसाच्या आकाराची, पायांनी चालवायची, पाठीवर सात नंबर. अर्ध्या तासाचे पैसे आधी. बाईंच्या गुडघ्यांना पायडल झेपेना, तेव्हा वळवायचा दांडा त्यांच्याकडे आणि पाय माझे. (या वयात हंस हाकीन असं वाटलं नव्हतं. मनात नामस्मरण चालू ठेवलं, त्याने पायांना ताल मिळतो.) तळ्याच्या मध्यावर बाई म्हणाल्या, 'ते हिरव्या खिडक्यांचं घर दिसतंय ना, वहिनी? तळमजला आहे. भाचीने माझ्यासाठी बघितलंय. एक तारखेला विसार द्यायचा.'

मी पाय उचलून घेतले. रागाने नव्हे, आपोआप. हंस थांबला, मग आपल्या मर्जीने वाहत लव्हाळ्यात शिरला. बाई म्हणाल्या, 'पाय मारा की.' मी म्हटलं, 'तुमचं घर, तुम्ही मारा.' काठावरून होडीवाला कर्ण्यातून ओरडू लागला, 'सात नंबर, वेळ झाली.' असा चार वेळा सगळ्या गावादेखत आमचा उद्धार झाला. शेवटी तो दुसरी होडी घेऊन आला, आकडीने आम्हाला ओढलं आणि पुढच्या अर्ध्या तासाचेही पैसे मागितले. मी दिले. पण पैसे भरल्यावर उतरायचं कशाला? मी त्याला सांगितलं, होतो तिथे परत लोटून दे. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि लोटलं.

त्या अर्ध्या तासात बाई एवढंच बोलल्या: 'तुमच्या दादांना विचारा. पाण्याजवळची ओल गुडघ्यांना बाधेल म्हणाले, तर नाही जायची. त्यांचा शब्द शेवटचा.' मी विचारते म्हटलं. त्याप्रमाणे विचारलं आहे.

तुझी आज्ञाधारक,
धाकटी

ता. क. ओल बाधते, असंच तू लिहावंस. मी रोज देवापुढे बसते, मला खोटं लिहिता येत नाही. तू बसत नाहीस. एकतीस वर्षं चारचा चहा मी एकटीने घेतलेला नाही. हे असतात घरात, पण ते वर्तमानपत्रामागे.

ता. क. दुसरा. वरचं लिहून होतंय तोच बाई बाजारातून आल्या. आमचा तिसरा मजला. मी दार किलकिलं करून घड्याळ लावून पाहिलं: जिना चढायला बारा मिनिटं. दुसऱ्या मजल्यावर त्या पायरीवर बसल्या, आणि वरून शेजारीण उतरताना दिसली तशी पिशवीत काही शोधल्यासारखं करू लागल्या. कागद फाडला असता, पण पूर्ण भरलेला आहे. तेव्हा पहिला ता. क. वाचलाच नाहीस असं समज आणि त्यांना खरं ते लिही. जा म्हणून लिही. पत्र माझ्या पत्त्यावर नको, थेट त्यांच्या नावाने टाक. माझ्या हातात पडलं, तर ते समोरच्या दारापर्यंत पोचेल याची खात्री मी देत नाही. उलट टपाली लिही, आजचं मन माझं उद्या राहील असं नाही.