बावीस मार्चची पौर्णिमा

२४ सप्टेंबर

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार घालावा एवढा तू मोठा नाहीस, तेव्हा नुसता नमस्कार. वहिनी आणि पिल्लू मजेत ना? इकडे आम्ही ठीक. बाबांचा खोकला आहे तसाच आहे.

प्रेसमध्ये पुढच्या वर्षाच्या कॅलेंडरची धांदल चालू आहे. सगळ्या धर्मांचे सण एकाच पानावर बसवायचे आणि प्रत्येकाचा हिशेब निराळा! एकांचा मोठा सण कधी, तर वसंतात दिवस-रात्र समसमान झाले की येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी. दुसऱ्यांचा उपवासाचा महिना निव्वळ चंद्रावर चालतो, म्हणून दरवर्षी थोडा मागे सरकत सगळे ऋतू पालथे घालतो. तिसरे हुशार. चंद्र फारच मागे पडला की मध्येच एक जादा महिना घालून त्याला सूर्याच्या जोडीला आणून बसवतात. मालक वैतागून म्हणतात, "एकदा एकत्र बसून ठरवून का टाकत नाहीत ही माणसं?" मला मात्र यातच गंमत वाटते. वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्रीच्या आसपास बघ, दिवे लावायचं निमित्त कितीतरी जणांनी शोधून ठेवलंय. अंधाराला सगळेच कंटाळत असणार.

आता मुद्द्याचं लिहिते.

आई गेली त्या रात्री पौर्णिमा होती आणि तारीख बावीस मार्च. बाबांनी पौर्णिमा धरली, तू तारीख. पहिल्याच वर्षी तू रजा काढून बावीसला आलास, तर बाबा आईचा दिवस आधीच करून मोकळे झालेले. ते म्हणाले, "तुला तारीख कळते, आई कळत नाही." तू म्हणालास, "आणि तुम्हाला मी कळत नाही." बूटही न काढता परत गेलास. तेव्हापासून येतोस तो प्रेसच्या दारापर्यंत, मला चहा पाजतोस आणि निघतोस. मी पौर्णिमा बाबांबरोबर पाळते, बावीस तारीख एकटी.

मागच्या आठवड्यात भाजी निवडता निवडता, माझ्याकडे न बघता बाबांनी विचारलं, "काय गं, पौर्णिमा परत कधी बावीस मार्चला येते का?"

मी प्रेसमधले तक्ते काढून बसले. येते, दादा. एकोणीस वर्षांनी चंद्र आणि सूर्य पुन्हा त्याच जागी येऊन ठेपतात. पुढचं वर्ष एकोणिसावं आहे. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "कळव त्याला. आता भांडायला जागाच उरली नाही म्हणावं." स्वतःच्याच बोलण्यावर हसले आणि हसता हसता बराच वेळ खोकत राहिले.

पत्र इथेच संपवायचं ठरवलं होतं. पण खोकला तसाच आहे हे खोटं लिहिलं मी. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की थंडीचे दिवस निघतील असं वाटत नाही. बाबांना हे माहीत नाही. ते रोज मार्चचं छापलेलं पान मागतात आणि मी शाई ओली आहे म्हणून टाळते. मला फार भीती वाटते रे.

तेव्हा मार्चची वाट बघू नकोस. पत्र मिळालं की निघ. त्या दिवशी पौर्णिमा नसेल, कुणाचा सण नसेल, मला सुट्टीसुद्धा नसेल. बाबांनी विचारलंच, आज काय आहे, तर सांग, काही नाही, सहज आलो.

तुमच्या दोघांचीही,
धाकटी